हलक्या काठीला रीळ कोणते?

गेल्या दिवाळीची गोष्ट. उदगीर तालुक्यातल्या एका गावी दाजींच्या शेततळ्यावर आम्ही बसलो होतो. सोयाबीन निघाले होते, हरभऱ्याची पेरणी आटोपत आली होती, त्यामुळे दुपारची थोडी उसंत होती. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने येताना फायबरची एक बारीक काठी आणली होती. साडेपाच फूट लांब, शेंडा वेताच्या छडीसारखा लवचिक आणि वजन म्हणाल तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. तिला बसवायचे रीळ मामाने, म्हणजे मी, घ्यायचे असे ठरले होते. मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "मासा केवढा धरायचा?" मी म्हणालो, "मोठा." त्याने तेवढेच मोठे रीळ हातात दिले. वर जाड तंगूस आयता गुंडाळलेला. साडेअठराशे रुपये मोजून मी खुशीत घरी आलो.

तळ्यात तीन किलोच्या घरातला कटला गळाला लागला. पहिल्या हिसक्याला रीळ जागचे हलले नाही, दोराही तुटला नाही. काठीचा शेंडा मात्र कडाडकन मोडला आणि दोऱ्यावरून घसरत पाण्यात गेला. कटल्याने एक गिरकी घेतली, गळ सरळ झाला, मासा पसार. दाजी रीळ हातात घेऊन उलटसुलट करून बघत म्हणाले, "पाव्हणं, हे रीळ हाय का इंजनाचं फ्लायव्हील?" भाचा काही बोलला नाही. काठी त्याने पहिल्या पगारातून घेतलेली होती.

नंतर मी या विषयाच्या मागे लागलो. माझ्यासारखी फसगत झालेले बरेच जण भेटले. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून परतलेल्या पोरांनी गळाचा नाद गावोगाव पसरवला. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून तळी वाढली आणि अनेकांनी त्यांत रोहू, कटला, मृगळाचे बोटुकले सोडले. बांबूची काठी, तंगूस आणि भेंडाचा तुकडा एवढ्यावर आपले भागत होते. आता मोबाईलवरून काठ्या मागवल्या जातात. पण काठी एकीकडून आणि रीळ दुसरीकडून येते, आणि दोघांचे जमत नाही.

फ्यूज कुठे हवा?

मोटारीच्या स्टार्टरला आपण फ्यूज का घालतो? दाब वाढला तर पन्नास पैशांची तार जळावी, मोटार जळू नये म्हणून. गळाच्या सामानातही तसेच आहे. मासा जोर लावील तेव्हा आधी रिळाने दोरा सोडावा. त्यानेही भागले नाही तर दोरा तुटावा. काठी मोडता कामा नये. माझ्या जोडीत हा क्रम उलटा झाला होता. रीळ बैलगाडीच्या आखासारखे घट्ट, दोरा दहा किलोचा आणि काठी दोन किलोची. मग मोडणार काय? सगळ्यांत नाजूक असेल ते.

म्हणून रीळ घेताना मासा किती मोठा, हा प्रश्न पहिला नाही. काठी कोणती, हा पहिला. माझ्या दुकानदाराने तो विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. दोष अर्धा माझा धरावा.

हलकी काठी कशी ओळखायची? मुठीच्या थोडे वर काठीवर बारीक अक्षरांत सगळे लिहिलेले असते. यू आणि एल ही दोन इंग्रजी अक्षरे असली की ती सर्वांत हलक्या जातीची. त्यापुढे दोन आकडे असतात. एक गळाला लावायच्या वजनाचा, साधारण एक ते सात ग्रॅम. दुसरा दोऱ्याच्या ताकदीचा, दोन ते सहा पौंड. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेव्हा हिशेब एक ते पावणेतीन किलोचा झाला. यापेक्षा जाड दोरा त्या काठीला लावायचा नाही. चार पौंडाचा साधा तंगूस ०.१८ ते ०.२० मिलिमीटर जाडीचा असतो. तो हातात घेतला की आपल्या माणसाला विश्वास बसत नाही. "ह्यानं चिमणी तरी धरंल का?" असे दाजींनी विचारलेच.

धरते. पण त्याला रिळाची साथ लागते.

धोट्यातली कांडी

या रिळाची घडण समजून घेतली तर निवड सोपी जाते. जुने रीळ रहाटासारखे होते. दोरा बाहेर जाताना सगळे चाक फिरायचे. हलके वजन फेकले की चाक फिरवण्यातच त्याचा जोर संपायचा. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली नव्या रिळाचे पेटंट घेतले. कल्पना त्याने कापडगिरणीतूनच उचलली. आपल्याकडे नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये ज्यांच्या घरातले कोणी कामाला होते त्यांना ती लगेच कळेल. मागाच्या धोट्यात सुताची कांडी असते. ती फिरत नाही, जागेवर राहते, आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जाते. या रिळातही दोऱ्याची कांडी स्थिर असते. फेकताना दोरा तिच्या तोंडावरून वेटोळी घेत निघून जातो. काही फिरवावे लागत नाही, म्हणून दोन-तीन ग्रॅमचे वजनही लांब जाते. ओढताना तारेची एक कमान कांडीभोवती फिरून दोरा परत गुंडाळते.

आता मोठ्या रिळाची कांडी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावरून सुटणारी वेटोळी रुंद असतात. हलक्या काठीच्या कड्या बारीक. ही रुंद वेटोळी पहिल्या कडीवर आपटतात, दोरा अडतो आणि गळ चार हातांवर पडतो. उलट फारच लहान कांडी घेतली तर तंगूस स्प्रिंगसारखा वळतो आणि पाण्यावर सरळ पडत नाही. तेव्हा मधला मार्ग धरावा लागतो.

रिळावर ५००, १०००, २०००, २५००, ४००० असे आकडे असतात. पाच ते साडेसहा फुटी अतिहलक्या काठीला १००० नंबरचे रीळ बसते. काठी साडेसहा-सात फुटी असेल तर २००० पर्यंत चालते. ५०० चे दिसायला गोजिरवाणे असते, पण त्याच्या बारीक कांडीवर तंगूस फार वळतो. शिवाय आपल्या शेतकऱ्याच्या राकट बोटांत त्याची मूठ मावत नाही. हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात हेही ध्यानात ठेवा. एकीचे १००० दुसरीच्या २००० एवढे भरू शकते. म्हणून वजन बघावे. दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमचे रीळ अशा काठीला शोभते. मी घेतलेले रीळ घरी काट्यावर ठेवले तेव्हा चारशेच्या वर भरले. चार काठ्यांचे वजन एका रिळात!

दुकानात जाताना काठी बरोबर न्यावी. रीळ बसवून, रिळाच्या जरा पुढे, मुठीखाली एक बोट ठेवून काठी तोलावी. आडवी राहिली तर जोडी जमली. मूठ खाली गेली तर रीळ जड. शेंडा थोडा खाली गेला तर चालून जाते. मोबाईलवरून मागवणाऱ्याला ही सोय नाही, त्याने निदान ग्रॅमचा आकडा वाचून मागवावे.

दोरा किती मावतो हेही कांडीवर कोरलेले असते. ०.२० आणि १०० असे असेल तर त्या जाडीचा शंभर मीटर दोरा मावतो. दुकानदार तीनशे मीटरची फुशारकी मारतात. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद शेततळ्यात तीनशे मीटर दोरा कशाला? शंभर मीटर पुष्कळ झाला. मात्र कांडी काठोकाठही भरू नये आणि अर्धीही ठेवू नये. काठापासून दीड-दोन मिलिमीटर खाली ठेवावी. जास्त भरली की दोऱ्याचा गुंता एकदम बाहेर येतो. कमी भरली की काठाला घासून फेक तुटते.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. दहा-बारा बेअरिंग असे डब्यावर ठळक छापतात. चार-पाच चांगली असली तरी पुरते. दात्यांचे गुणोत्तर पाचास एकच्या आसपास ठेवावे. मुठीचा एक फेरा झाला की कमानीचे पाच. कणीक किंवा गांडूळ लावून बसणाऱ्याला यापेक्षा वेग लागत नाही. सायकलच्या फ्रीव्हीलसारखी उलट न फिरण्याची सोय आत असते, तीही तपासावी. मूठ मागे ढकलली तर खुळखुळ न होता जागीच अडली पाहिजे. (सायकलशी हे नाते खरेच आहे. जपानची शिमानो कंपनी १९२१ साली सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरू झाली आणि पुढे रिळात शिरली.)

पाण्याची बाटली आणि ड्रॅग

आता मुख्य मुद्दा. रिळाच्या तोंडावर जे बटण असते त्याला ड्रॅग म्हणतात. खाली वॉशरची चळत असते. बटण पिळले की वॉशर दाबले जातात आणि कांडी घट्ट होते, सैल केले की ओढ बसताच कांडी सरकून दोरा सोडते. देवणीचा वळू ज्याने सांभाळला आहे त्याला जास्त सांगायला नको. वळूने झेप घेतली तर कासरा हातात गच्च धरून चालत नाही, थोडा सोडावा लागतो, पण हातचा जाऊ द्यायचा नाही. ड्रॅगचे काम तेवढेच.

मोठ्या रिळाचा ड्रॅग आठ-दहा किलोपर्यंत आवळता येतो, आणि दुकानदार त्याचेच कौतुक सांगतो. आपल्याला हवा असतो अर्ध्या किलोचा. मोठे रीळ एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाही. आधी अडते, मग एकदम धक्का देऊन सुटते. त्या पहिल्या धक्क्यालाच बारीक दोरा तुटतो. लहान रिळाचा ड्रॅग कमी ताकदीचा असला तरी सुरुवातीपासून लोण्यासारखा सरकला पाहिजे. पैसे द्यायचे तर यासाठी द्यावेत. बटण पुढे असलेले रीळ शक्यतो घ्यावे. त्यात वॉशर मोठे बसतात.

ड्रॅग किती ठेवायचा? दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. चार पौंडाचा, म्हणजे एक किलो आठशे ग्रॅमचा दोरा असेल तर साडेचारशे ते सहाशे ग्रॅम. याला काटा लागत नाही. अर्धा लिटरची पाण्याची बाटली भरून दोऱ्याच्या टोकाला बांधा. काठीच्या कड्यांतून न ओवता थेट रिळातून. रीळ हातात धरून बाटली उचला. बाटली अधांतरी लटकून राहिली तर ड्रॅग घट्ट आहे. धपकन खाली आली तर सैल. सावकाश, एकसारखी खाली सरकू लागली की बरोबर. दुकानात उभ्या उभ्या ही परीक्षा करता येते. दुकानदार हसला तर हसू द्या, मी दुसऱ्या वेळी तसेच केले. तीन रिळे बघितली, त्यातले सर्वांत स्वस्त बाटलीला अडखळत सोडत होते, ते परत ठेवले.

मासा लागल्यावर पोरे एक चूक हमखास करतात. दोरा सुटतोय दिसला की मूठ गरागरा फिरवतात. दोरा सुटत असताना मूठ फिरवली की तो आत येत नाही, नुसता पिळला जातो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. मासा ओढतोय तोवर मूठ धरून ठेवावी. तो थांबला की काठी वर करून त्याला जवळ आणावे आणि काठी खाली नेताना दोरा गुंडाळावा. फेकल्यावर कमानही मुठीच्या झटक्याने नाही, हाताने बंद करावी.

कुठल्या पाण्यात काय

अतिहलकी काठी सगळीकडे चालते असे मात्र नाही. तिचा खरा मासा चिलापी. परदेशातून आलेला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज गावतळ्यापासून धरणापर्यंत पसरला आहे. न सोडताही तळ्यात होतो आणि बोटुकल्यांचे खाद्य खातो, म्हणून शेततळेवाल्याला नकोसा असतो. शंभर-दोनशे ग्रॅमची चिलापी या काठीवर अशी काही खेळते की मोठ्या माशाची हौस फिटते. तिला काढले तर तळ्यालाही बरेच. वर्षभराचे किलो-सव्वा किलोचे रोहू आणि मृगळही सावकाश काढता येतात.

तिरू किंवा देवर्जनसारख्या प्रकल्पाच्या काठावर गोष्ट वेगळी. तिथे बुडालेल्या बाभळी असतात, दगड असतात आणि पाच-सात किलोचा कटला कधी येईल सांगता येत नाही. गवताळ कडेला मरळ असते. ती तोंडात गळ घेऊन थेट गवतात घुसते, तिला ड्रॅगने खेळवायला जागाच नसते. तिथे जाड काठी, २५०० किंवा त्यावरचे रीळ आणि मजबूत दोरा हवा. तिथे हलकी काठी नेणे म्हणजे वखराला कालवड जुंपणे. दोरा तुटून गळ तोंडात घेऊन मासा गेला तर तो आपल्याही कामाचा राहत नाही आणि ज्याच्या मालकीचा त्याच्याही.

मालकीचे निघालेच आहे तर सांगतो. प्रकल्पातले, पाझर तलावातले मासे बेवारस नसतात. बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेने किंवा ठेकेदाराने पैसे भरून बीज सोडलेले असते आणि त्यावर भोई समाजाच्या कितीतरी घरांची चूल चालते. आधी विचारावे, मग गळ टाकावा. ग्रामपंचायतीने तळ्याच्या काठी एक पाटी लावली तर पोरांची आणि संस्थेची भांडणे निम्मी कमी होतील. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हे मी गळवाल्यांना उद्देशून म्हणत नाही, पण गावात असे करणारे असतात हे सरपंच मंडळींना ठाऊक आहे.

तळ्याचा कागद

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब मी मागे ठेवली, कारण ती मलाही उशिरा कळली. अस्तर घातलेल्या शेततळ्यात खाली पाचशे मायक्रॉनचा कागद असतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर. मातीचा तळ असेल तर गळ अडकला तरी काही बिघडत नाही. इथे गळ कागदात रुततो. दोरा दहा किलोचा आणि रीळ घट्ट असेल तर माणूस चिडून ओढतो, आणि कागद फाटतो. टोचलेले भोक लहान असते, ओढून फाटलेली चीर वीतभर होते. पाणी कमी का होतेय हे उन्हाळ्यात कळते, तेव्हा उपाय म्हणजे तळे रिकामे करून जोड मारणे. फेब्रुवारीत ज्याच्या तळ्याचे पाणी गेले त्याची बाग गेली. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते २०१६ साल आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. पाण्याचे मोल माशापेक्षा जास्त.

हलका दोरा इथे उपयोगी पडतो. दीड-दोन किलोला तो तुटतो आणि कागद सहसा फाटत नाही. तरीही खबरदारी हवी. तळाला बसणारे शिसे लावू नये. भेंड किंवा बोंड लावून गळ पाण्याच्या मध्यावर तरंगता ठेवावा. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे काठाजवळ खोली कमी, हे धरून दोऱ्याचे अंतर ठेवावे. गळाच्या टोकामागची उलटी नांगी पक्कडीने दाबून टाकावी. मासा थोडा सुटतो, पण कागदातून गळ निघतो. अडकलाच तर ओढू नये. दोरा सैल सोडून समोरच्या काठावर जावे आणि उलट बाजूने हलका झटका द्यावा. बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला तर दोरा कापून टाकावा. गळ चार रुपयांचा असतो.

आणि त्या कागदावर माणूसही घसरतो. शेवाळ धरलेल्या उतारावरून पाण्यात गेलेला पोहणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, अशा दुर्घटना आपण दरवर्षी वाचतो. काठाला चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर सोडल्याशिवाय पोरांना तळ्यावर गळ घेऊन पाठवू नका. तुटलेला तंगूसही तिथे टाकून येऊ नये. पक्ष्यांच्या पायात अडकतो, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातो.

कल्याणीचा राजा

गळाचा नाद नव्या पोरांचा आणि शहरातून आलेला, असे गावातली जुनी माणसे म्हणतात. दाजींचेही तेच मत होते. त्यांना मी एक गोष्ट सांगितली. उदगीरच्या दक्षिणेला बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे जुनी कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच आहे. मासे कोणते, कुणाला काय चारावे, गळ, दोरा आणि काठी कशी असावी, हे राजाने त्यात सांगितले आहे. मत्स्यतज्ज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेख लिहिला. रीळ राजाकडे नव्हते, पण कोणत्या माशाला कोणते सामान हा विचार त्याच्याकडे होता.

"मंजी राजानं दुकानदाराला इचारलं नसंल," दाजी म्हणाले.

संक्रांतीला भाचा पुन्हा आला. काठीचा मोडलेला शेंडा पाच इंच कापून त्याने नवी कडी चिकटवली होती. काठी थोडी ताठ झाली, पण कामाची राहिली. मी १००० नंबरचे, एकशेनव्वद ग्रॅमचे रीळ घेऊन गेलो होतो. काठावर बसून बाटलीने ड्रॅग लावला, चार पौंडाचा तंगूस, नांगी दाबलेला गळ, वर कणकेची गोळी. तासाभरात अकरा चिलाप्या झाल्या. मग एक जड ओढ आली. रीळ किर्र करत दोरा सोडू लागले, थांबले, पुन्हा सोडू लागले. भाच्याने मूठ फिरवली नाही. दाजी कासऱ्यावरच्या माणसासारखे ओरडत होते, "सोड, सोड... आता धर!" पंधरा-वीस मिनिटांनी दीड किलोचा रोहू जाळीत आला.

जुने मोठे रीळ दाजींच्या माळवदावर पडून आहे. नवे रीळ वापर झाला की ओल्या फडक्याने पुसून ड्रॅगचे बटण सैल करून ठेवतो. आवळून ठेवले तर आतले वॉशर दबून बसतात आणि पुढच्या वेळी बाटलीची परीक्षा नापास होते.